ईडीएम मार्केट किती मोठं आहे, त्याचे श्रोते कोण आणि गावचा डीजे त्यात कुठे बसतो? संपूर्ण माहिती

समजा, लग्नसराईत सास्तूरमध्ये वरात निघाली आहे. टेम्पोवर बेस आणि टॉपचे बॉक्स रचलेत, मागे जनरेटर धडधडतोय. ऑपरेटरच्या लॅपटॉपला पेन ड्राईव्ह लावलाय आणि एका हलगी मिक्सवर चारशे-पाचशे पोरं नाचतायत. गाणं संपतं, दुसरं सुरू होतं. आता प्रश्न असा: त्या पहिल्या गाण्याचे श्रोते किती मोजले गेले?

उत्तर आहे शून्य. कारण गाणं पेन ड्राईव्हवरून वाजलं. तेच गाणं एखाद्याने घरी मोबाईलवर एकट्याने ऐकलं असतं, तर एक प्ले मोजला गेला असता.

मित्रांनो, ईडीएम म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक. ही इंडस्ट्री हजारो कोटींची आहे, असं तुम्ही रील्समध्ये किंवा बातम्यांमध्ये ऐकलं असेल. पण हा आकडा येतो कुठून? त्यात काय धरतात आणि काय सुटतं? आणि लोहारा-उमरगा भागात डीजे चालवणाऱ्या किंवा मोबाईलवर बीट बनवणाऱ्या मुलाला त्यातून काही मिळू शकतं का? या लेखात हे सगळं सोप्या भाषेत समजून घेऊ.

ईडीएम म्हणजे नेमकं काय?

ज्या संगीताचा मुख्य ठेका आणि आवाज मशीनवर किंवा कॉम्प्युटरवर तयार होतो आणि जे नाचण्यासाठी बनवलेलं असतं, त्याला ढोबळमानाने ईडीएम म्हणतात. त्याचे बरेच प्रकार आहेत आणि ओळखायची सोपी खूण म्हणजे बीपीएम, म्हणजेच एका मिनिटात पडणारे ठोके.

• हाऊस: साधारण १२० ते १३० बीपीएम
• ट्रान्स: साधारण १३० ते १४५ बीपीएम
• डबस्टेप: साधारण १४० बीपीएम
• ड्रम अँड बेस: साधारण १६० ते १८० बीपीएम

इथे एक गोंधळ आधी दूर करू. जगात ‘डीजे’ म्हणजे गाणी निवडून, एकमेकांत मिसळून वाजवणारा माणूस. आपल्याकडे ‘डीजे लावला’ म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो टेम्पोवरचा साउंड. माणसाला आपण ‘ऑपरेटर’ किंवा ‘डीजेवाला’ म्हणतो. हा फक्त शब्दांचा फरक नाही. तिकडे पैसा माणसाच्या नावावर आणि त्याच्या गाण्यावर मिळतो, आपल्याकडे तो बॉक्स किती आणि आवाज किती यावर मिळतो. पुढचा सगळा हिशोब या फरकावर उभा आहे.

जगातलं मार्केट किती मोठं?

स्पेनमधल्या इबिझा बेटावर दरवर्षी इंटरनॅशनल म्युझिक समिट भरतं. तिथे प्रसिद्ध होणारा ‘आयएमएस बिझनेस रिपोर्ट’ हा या क्षेत्रातला सर्वात जास्त वापरला जाणारा अहवाल आहे. त्यातले काही आकडे पाहा.

• २०१४ चा अहवाल: ६२० कोटी डॉलर
• २०१७ चा अहवाल: ७४० कोटी डॉलर
• २०१९ चा अहवाल: ७२० कोटी डॉलर
• २०२० हे कोरोनाचं वर्ष: ३४० कोटी डॉलर
• २०२२ हे वर्ष: १,१३० कोटी डॉलर
• २०२३ हे वर्ष: १,१८० कोटी डॉलर
• २०२४ हे वर्ष: १,२९० कोटी डॉलर

एक डॉलर ८५ रुपये धरला, तर शेवटचा आकडा साधारण १ लाख १० हजार कोटी रुपये होतो.

यादी नीट पाहिली तर दोन गोष्टी लक्षात येतात.

पहिली गोष्ट, कोरोनात मार्केट निम्म्याहून जास्त पडलं. गाणी ऐकणं काही थांबलं नव्हतं, उलट लोक घरी बसून मोबाईलवर जास्तच ऐकत होते. पण क्लब आणि फेस्टिवल बंद होते. म्हणजे या धंद्यातला मोठा पैसा गाण्यात नसून गर्दीत आहे: तिकीट, प्रवेश फी, खाणंपिणं आणि स्पॉन्सरशिप.

दुसरी गोष्ट, कोरोनानंतरची उडी आकड्यांवरून वाटते तेवढी मोठी नाही. २०२२ साठी १,१३० कोटी सांगताना अहवालाने वाढ ३४ टक्के म्हटली होती. म्हणजे आधीच्या वर्षाचा आकडाही नव्या पद्धतीने मोजून वाढवलेला होता. मोजायची पद्धत आणि त्यात धरलेल्या गोष्टी बदलल्या की मार्केट कागदावर मोठं होतं. त्यामुळे कोणी ‘ईडीएम दुप्पट झालं’ असा व्हिडिओ टाकला, तर आधी विचारायचं: दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत का?

या आकड्यात काय काय धरतात?

साधारणपणे हे भाग असतात.

१. क्लब आणि फेस्टिवल यांची कमाई
२. स्ट्रीमिंग, डाउनलोड आणि रेकॉर्ड विक्रीतून येणारा पैसा
३. गाण्याच्या हक्कांतून म्हणजे पब्लिशिंगमधून येणारा पैसा
४. डीजे कंट्रोलर, सिंथेसायझर आणि सॉफ्टवेअर यांची विक्री
५. मोठ्या डीजेंचं मानधन आणि ब्रँडचे करार

आता तुलना कशी चुकते ते पाहा. आयएफपीआय या जागतिक संघटनेनुसार २०२४ मध्ये जगभरातल्या रेकॉर्डेड म्युझिकची कमाई २,९६० कोटी डॉलर होती. काही जण लगेच म्हणतात, ‘म्हणजे संगीतातला ४० टक्क्यांहून जास्त पैसा ईडीएमचा!’ हे चूक आहे. आयएफपीआयच्या आकड्यात कॉन्सर्टची तिकिटं नाहीत, ईडीएमच्या आकड्यात ती आहेत. एक गव्हाचं वजन आहे आणि दुसरं भाकरीसकट अख्ख्या जेवणाचं बिल.

मोठं मार्केट म्हणजे हमखास नफा, असंही नाही. अमेरिकेत एसएफएक्स नावाच्या कंपनीने जगभरातले फेस्टिवल विकत घ्यायचा सपाटा लावला होता. बीटपोर्ट ही गाणी विकणारी प्रसिद्ध वेबसाइटही तिने घेतली. २०१३ मध्ये ती शेअर बाजारात आली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तेव्हा ईडीएमचं मार्केट शिखराजवळ होतं. कर्ज काढून बॉक्स वाढवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

भारतात आणि आपल्याकडे याची सुरुवात कुठे?

बरेच जण गोवा म्हणतील. ते बरोबर आहे, पण त्याआधी मुंबई येते. १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही मशीन्स वापरून दहा रागांचा एक डिस्को अल्बम काढला. तेव्हा तो फारसा चालला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध झाला आणि जगभरचे जाणकार चकित झाले, कारण शिकागोमध्ये ‘ॲसिड हाऊस’ नावाने गाजलेला आवाज त्याच्या काही वर्षं आधीच मुंबईत वाजला होता.

त्यानंतर गोवा. अंजुणा आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर परदेशी पाहुण्यांच्या रात्रभराच्या पार्ट्यांमधून १९९० च्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ हा प्रकार जगभर गेला. त्यातलं मोठं नाव म्हणजे गोवा गिल. त्यांचं २०२३ मध्ये निधन झालं.

याचा धंदा झाला तो २००७ मध्ये. त्या वर्षी डिसेंबरमध्ये गोव्यात कांदोळीला ‘सनबर्न’ फेस्टिवल सुरू झाला. २०१६ मध्ये तो पुण्याजवळ केसनंदला आला आणि नंतर पुन्हा गोव्यात गेला. आज मोठ्या परदेशी डीजेंसाठी मुंबई-पुणे हे नेहमीचं ठिकाण आहे. मार्च २०२५ मध्ये होळीच्या दिवशी मार्टिन गॅरिक्स नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वाजवून गेला.

श्रोते कोण? तीन गोल समजून घ्या

पहिला गोल: तिकीट काढणारे. हे बहुतेक शहरातले, कमावते किंवा घरून पैसे मिळणारे तरुण. संख्या कमी, पण माणशी खर्च सर्वात जास्त. तिकीट, प्रवास, हॉटेल असं सगळं धरून एका फेस्टिवलला हजारो रुपये सहज जातात. बेल्जियममधल्या टुमॉरोलँडला दोन वीकेंडमध्ये मिळून साधारण ४ लाख लोक येतात. मार्केटचा आकडा मुख्यतः याच गोलातून येतो.

दुसरा गोल: मोबाईलवाले. म्हणजे तुम्ही-आम्ही. यूट्यूब, स्पॉटिफाय, इन्स्टाग्राम रील्स. संख्या प्रचंड, पण माणशी पैसा कमी. भारतात कोट्यवधी लोक ॲपवर गाणी ऐकतात, पण २०२४ मध्ये पैसे भरून ऐकणारे साधारण एक कोटीच होते. बाकीच्यांच्या ऐकण्याचे पैसे जाहिरातीतून येतात आणि ते फार थोडे असतात.

तिसरा गोल: वरात, हळद, गणपती, जयंती आणि जत्रा. इथे तिकीट नाही, ॲप नाही. आपल्या धाराशिव-लातूर पट्ट्यात आराधी गाणी, हलगी मिक्स, डायलॉग मिक्स, साउंड चेक हे सगळं इथेच वाजतं. ठेका मशीनचा, ड्रॉप आहे, बेस आहे, नाचणारे आहेत. व्याख्येने पाहिलं तर हेही इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकच. पण इबिझातल्या अहवालात याचा हिशोब येत नाही.

तिसरा गोल का मोजला जात नाही?

याची तीन कारणं आहेत.

तांत्रिक कारण. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात. ‘मंथली लिसनर’ म्हणजे २८ दिवसांत ते ऐकणारी वेगवेगळी खाती. ॲप माणसं मोजत नाही, खाती मोजतं. एका खात्यावरून वाजलेल्या गाण्यावर पाचशे जण नाचले तरी तो एकच स्ट्रीम. आणि पेन ड्राईव्हचा तर पत्ताच नाही.

कायद्याचं कारण. हॉटेल, क्लब किंवा तिकीट असलेल्या कार्यक्रमात गाणी वाजवायची तर हक्कधारकांचं लायसन्स लागतं. रेकॉर्डिंगसाठी पीपीएल आणि गीत-संगीतासाठी आयपीआरएस अशा संस्था ते देतात. पण कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक विधींना सूट आहे आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी संबंधित सोहळेही येतात. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केलं. घरच्या लग्नासाठी ही सूट चांगलीच आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की वरातीत वाजलेल्या गाण्याचे पैसे कोणाच्याच खात्यात जात नाहीत.

पैशाचं कारण. वरातीतला पैसा नाही असं नाही. सुपारी ठरते, इसार दिला जातो. टेम्पोचं भाडं, जनरेटरचं डिझेल, ऑपरेटर आणि पोरांची मजुरी, लायटिंग असा सगळा खर्च होतो. पण व्यवहार बहुतेक रोखीचा आणि तोंडी. कोणत्याही अहवालात तो दिसत नाही.

म्हणून ‘मराठी मुलं ईडीएम कुठे ऐकतात?’ असं कोणी म्हणालं, तर समजून घ्या की तो फक्त पहिला गोल पाहतोय.

‘तांबडी चामडी’ने काय दाखवलं?

२०२४ मध्ये क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे आणि गायक श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ हे गाणं स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केलं. स्पिनिन हे १९९९ मध्ये सुरू झालेलं डच लेबल आहे. २०१७ मध्ये वॉर्नर म्युझिकने ते विकत घेतलं. ईडीएमच्या जगात हे फार मोठं नाव आणि तिथून आलेलं हे पहिलं मराठी गाणं.

गाणं हाऊसच्या ठेक्यावर आहे आणि शब्द मराठी. रील्सवर ते तुफान चाललं आणि वरातीतही वाजलं. म्हणजे तिसऱ्या गोलातली भाषा दुसऱ्या गोलात मोजली गेली आणि पहिल्या गोलातल्या लेबलपर्यंत पोहोचली.

मग गावच्या हजारो मिक्सपेक्षा यात वेगळं काय होतं? ते ओरिजिनल होतं. शब्द, चाल, बीट, रेकॉर्डिंग, सगळं बनवणाऱ्यांनी स्वतः तयार केलेलं होतं. त्यामुळे प्रत्येक रील आणि प्रत्येक स्ट्रीम त्यांच्या नावावर जमा होऊ शकला.

रिमिक्सवाल्याला पैसे का मिळत नाहीत?

समजा तुम्ही एका गाजलेल्या सिनेगीतावर हलगी आणि बेस चढवून यूट्यूबवर टाकलं. यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा मूळ गाण्याचा आवाज ओळखते. मग तीनपैकी एक होतं: व्हिडिओ ब्लॉक होतो, जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे जातात किंवा मालक फक्त आकडेवारी पाहतो. मालकाने कॉपीराइटची रीतसर तक्रार केली तर स्ट्राइक येतो आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनल बंद होऊ शकतं. दहा लाख व्ह्यूज आले तरी तुमच्या हातात काहीच नाही. ‘व्हिडिओत नाव दिलं’ किंवा ‘पिच बदललं’ म्हणून हक्क मिळत नाही.

लोकगीतांचं काय? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल कोणा एकाची नसते. पण एखाद्या कंपनीने काढलेलं त्याच लोकगीताचं रेकॉर्डिंग मात्र तिचं असतं. भारतात रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो. म्हणून कॅसेटमधला आवाज उचलू नका. गावातल्या हलगीवाल्याला आणि आराधी मंडळातल्या गायिकेला विचारून, त्यांचं मानधन ठरवून, नव्याने रेकॉर्ड करा. मोबाईल आणि एक साधा माईक सुरुवातीला पुरतो.

तुम्ही बीट बनवत असाल तर काय करायचं?

१. स्वतःचा आवाज वापरा. एफएल स्टुडिओसारखं सॉफ्टवेअर असो की मोबाईल ॲप, त्यातले सॅम्पल व्यावसायिक वापरासाठी मोकळे आहेत का ते तपासा.

२. कोणाचा वाटा किती ते आधी लिहून ठेवा. गायक, वादक, गीतकार, बीट बनवणारा. व्हॉट्सॲपवरचा स्पष्ट मेसेजही काहीच नसण्यापेक्षा बरा, पण सही केलेला कागद उत्तम.

३. डिस्ट्रिब्युटरकडून रिलीज करा. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर अशा सेवा तुमचं गाणं सगळ्या ॲपवर टाकतात. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा कोड मिळतो. तो गाण्याचा आधार नंबर समजा.

४. गीतकार-संगीतकार असाल तर आयपीआरएसचं सदस्यत्व पाहा. १९६९ पासून चालणारी ही संस्था गीत-संगीताची रॉयल्टी गोळा करून वाटते.

५. कमाईच्या अटी आधी माहीत करून घ्या. स्पॉटिफायवर एका गाण्याला १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम मिळाले तरच त्याची रॉयल्टी सुरू होते. यूट्यूबवर जाहिरातीच्या कमाईसाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास वॉच टाइम किंवा ९० दिवसांत १ कोटी शॉर्ट्स व्ह्यूज लागतात.

६. रिलीजनंतर तेच गाणं वरातीत वाजवा. तिसरा गोल पैसे देत नाही, पण जाहिरात फुकट करतो. गाण्यात नाव किंवा ओळखीची टॅग असली तर ऐकणारा घरी जाऊन मोबाईलवर शोधतो. तिथे तो मोजला जातो.

साउंड घ्यायचा विचार असेल तर हेही वाचा

कर्ज काढून साउंड घेण्याआधी धंद्याच्या मर्यादा कागदावर मांडा. लग्नसराई वर्षातले काही महिने, पण हप्ता बारा महिने. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. नियम मोडला तर साउंड जप्त होऊ शकतो. तेव्हा नाचणारे घरी जातात, चौकीत उभा राहतो तो मालक आणि ऑपरेटर.

कानाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण १०० डेसिबल आठवड्याला फक्त २० मिनिटं. वराती एखाद्या रात्रीपुरता येतो, ऑपरेटर हंगामभर बॉक्सजवळ उभा असतो. चांगले इअरप्लग काही शे रुपयांत मिळतात, गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ईडीएम आणि डीजे गाणी एकच का?
पूर्ण नाही. ईडीएम हा संगीताचा प्रकार, डीजे म्हणजे वाजवणारा. आपल्याकडची डीजे मिक्स गाणी हा त्याचाच एक स्थानिक अवतार म्हणता येईल.

जगातलं ईडीएम मार्केट किती रुपयांचं?
आयएमएस अहवालानुसार २०२४ मध्ये १,२९० कोटी डॉलर, म्हणजे साधारण १ लाख १० हजार कोटी रुपये.

लग्नात गाणी वाजवायला लायसन्स लागतं का?
घरच्या लग्नाला आणि वरातीला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट लावून केलेल्या कार्यक्रमाला ती लागू नाही. आवाजाचे नियम मात्र सगळ्यांनाच लागू आहेत.

गावात राहून यात करिअर होऊ शकतं का?
गाणं रिलीज करायला मुंबईला जावं लागत नाही, इंटरनेट पुरतं. पण फक्त रिमिक्सवर ते उभं राहणार नाही. स्वतःचं गाणं हवं.

थोडक्यात

ईडीएमचा लाख कोटींचा आकडा खरा आहे, पण तो तिकीट, ॲप आणि लायसन्समधून दिसणाऱ्या पैशाचा आहे, नाचणाऱ्या माणसांचा नाही. सास्तूरच्या वरातीतली पाचशे पोरं त्यात नाहीत. त्यांच्यासाठी गाणं बनवणाराही त्यात नाही, जोपर्यंत ते गाणं त्याच्या स्वतःच्या नावावर नोंदलेलं नाही. गावात कोणी मित्र रात्र-रात्र जागून मिक्स बनवत असेल, तर हा लेख त्याला पाठवा आणि एकच गोष्ट सांगा: पुढचं गाणं स्वतःचं कर, आणि आधी नाव नोंदव.